पंच अडकतो, कडांना लव सुटते, पेंग्विनचं डोकं उचलतं: कागदी पात्रांच्या नेहमीच्या तक्रारी

क्राफ्ट पंच म्हणजे दांडी दाबली की कागदातून गोल, पत्त्यांतला बदाम असे आकार कापून देणारं साधन; हे आकार जोडून कार्डांवर पेंग्विन, मांजर अशी पात्रं करतात. नवा पंच आणला, पहिले काही गोल स्वच्छ निघाले आणि मग कडांना लव सुटायला लागली. कधी आकार अर्धाच कापला जातो, कधी दांडी खाली जाते आणि तिथंच बसते. ‘पंच गेला’ म्हणून दुसरा आणला जातो, आणि दिवाळी-नाताळच्या कार्डांचं काम संपायच्या आत तोही ‘जातो’. पंच इतक्या लवकर जात नाहीत. बहुतेक वेळा खोट कागदात असते: तो जास्त जाड असतो, फार पातळ असतो, दमट असतो किंवा त्यात लांब धागे असतात. त्यामुळे पंच उघडण्याआधी कागद तपासायचा, हा क्रम पाळला तर निम्मं काम तिथंच होतं.

आधी ही चाचणी

झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कोरा, कोरडा कागद घ्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तसा कागद बहुधा जाड). त्याच पंचाने तीन आकार काढा, पण दर वेळी कागद फिरवून: एकदा उभा, एकदा आडवा, एकदा तिरका. आता तिन्ही आकार शेजारी ठेवून उजेडात बघा.

तिन्ही स्वच्छ असतील तर पंच ठणठणीत आहे, तुमचा रंगीत कागद चुकला आहे. तिन्ही आकारांत एकाच ठिकाणी धागा राहत असेल, समजा दर बदामाच्या खालच्या टोकाशीच, तर पात्याच्या त्या जागी कचरा किंवा डिंक चिकटला आहे. कागद फिरवला तसा दोषही आकारावर जागा बदलत असेल, तर ते कागदाच्या धाग्यांचं काम. आणि सगळ्या कडेला सारखीच लव असेल तरच पातं बोथट झालं किंवा साचा सैल झाला असं धरायचं.

असं का होतं ते समजायला पंच उलटा करून बघा. आकाराचा पोलादी ठोकळा वरून येतो आणि खालच्या पट्टीतल्या त्याच आकाराच्या भोकातून आरपार जातो. दोघांच्या कडा एकमेकींना घासून जाताना कागद कापला जातो. त्या कडांमध्ये केसाएवढी फट असतेच. कागद फार पातळ असला की कापला जाण्याऐवजी त्या फटीत दुमडून आत ओढला जातो. फार जाड असला की ठोकळा पूर्ण खाली पोचतच नाही आणि पाचर बसावी तसा अडकतो.

कोणता कागद, किती जाड

पात्रांच्या अंगासाठी १२० ते १६० जीएसएम हा सगळ्यात सुखाचा टप्पा. दुकानात ‘कार्डशीट’ म्हणून जे मिळतं ते बहुधा १६० ते १८० च्या आसपास असतं, तेही चालतं. २२० च्या पुढे साध्या दांडीच्या पंचात घालू नका. कार्डाचा पाया २५० ते ३०० जीएसएमचा असतो, त्याच्याच उरलेल्या तुकड्यांतून डोळे-कान काढायचा मोह होतो, आणि पंच अडकायचं हे पहिलं कारण आहे. शाळेचा टिंटेड पेपर पातळ असतो. त्याचे मोठे आकार ठीक निघतात, पण ५-६ मि.मी.चे ठिपके आणि बारीक पाकळ्या चुरगळतात.

काही कागदांची वेगळी गंमत आहे:

- पतंगाचा कागद, टिश्यू, चमकी पन्नी: एकट्याने कधीच नीट कापले जात नाहीत. खाली ८० जीएसएमचा कागद धरून दोन्ही एकदम पंचात घाला. पन्नी असेल तर वरही एक कागद, म्हणजे सँडविच.
- हातकागद: पुण्याच्या हातकागद संस्थेत मिळतो तसला, कापसाच्या लगद्याचा. त्यातले धागे लांब आणि चिवट, म्हणून कडा फाटल्यासारख्या दिसतात. कार्डाच्या पायाला हा देखणा; पंचासाठी नको. केसाळ अस्वल करायचं असेल तर मात्र मुद्दाम वापरा.
- चमकीचा कागद: चमकीचे कण पात्याची धार खातात आणि फटीत जाऊन बसतात. वापरायचाच तर चमकीची बाजू ठोकळ्याकडे येणार नाही अशी धरा, आणि सगळ्यात शेवटी कापा.
- फोमशीट: २ मि.मी.चा फोम दाबला जातो, कापला जात नाही. पंचाच्या खोक्यावर फोम चालतो असं लिहिलेलं असेल तरच.

आणखी एक, काळ्या-निळ्या पात्रांबाबत. काही रंगीत कार्डशीटला रंग फक्त वर असतो, पोट पांढरं. कापल्यावर काळ्या पेंग्विनभोवती पांढरी रेघ दिसते आणि ती पंचाच्या माथी मारली जाते. कोपरा फाडून बघा; आत पांढरं दिसलं तर तो कागद गडद रंगांसाठी घेऊ नका. घेतलाच असेल तर तुकडा चिमट्यात धरून काळ्या स्केचपेनाची बाजू कडेवरून फिरवा. टोक लावलं तर शाई वर पसरते.

अडकलेला पंच

जोर लावू नका. दांडी वाकली किंवा स्प्रिंग जागेवरून सुटली तर पंच खरोखरच जातो, आणि तो तुम्ही घालवलेला असतो.

पंच उलटा धरा. खालच्या भोकातून ठोकळ्याचं तोंड दिसेल. पेन्सिलीचा रबर लावलेला टोकाचा भाग त्यावर टेकवून सरळ आत दाबा. एका बाजूला दाबलं तर ठोकळा तिरका होऊन आणखी घट्ट बसतो. सुटला की चिमट्याने कागद ओढून काढा. सुई, कटरचं पातं आत घालू नका: पोलादावर ओरखडा उठला की पुढे दर आकाराला त्याच जागी धागा राहणार.

अडकलेला पंच फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. थंडीने धातू आकसतो हे खरं, पण बाहेर काढला की त्यावर बाष्प धरतं. कोरड्या हवेत एक वेळ ठीक, दमट हवेत तुम्ही गंजाला आवतण देता. रबराची युक्ती पुरते.

पंच पुन्हा पुन्हा जड जात असेल तर मेणकागदातून ८-१० वेळा पंच करा. मेणाचा पातळ थर कडांना लागतो आणि ठोकळा सरकू लागतो. स्वयंपाकघरातला बटर पेपर त्याला पर्याय नाही. त्यावर मेण नसतं. मेणकागदानंतर तीन-चार रद्दी कागद पंच करायला विसरू नका, कारण मेणाचा अंश पात्राच्या तुकड्यावर उतरला की जेल पेन त्यावर उठत नाही. पेंग्विनच्या काळ्या अंगावर पांढऱ्या जेल पेनाची रेघ मध्येच तुटत असेल तर पेन बदलण्याआधी हे आठवा.

तेल टाळा. बिजागरी करकरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फक्त बिजागरीला, आणि मग डाग येणं थांबेपर्यंत टिश्यू पेपर पंच करत राहा. खोबरेल तेल अजिबात नको, ते चिकट होऊन धूळ धरतं.

‘धार लावणं’

ॲल्युमिनियम फॉइलची चार पदरी घडी घालून पंच केली की पंचाला धार येते असं म्हणतात. ॲल्युमिनियम मऊ, ठोकळा पोलादाचा. मऊ धातूने कठीण धातूला धार येत नाही. मग फरक का पडतो? फॉइल फटीतला कागदाचा भुसा आणि चिकटलेले कण ओढून बाहेर काढते. म्हणजे ती साफसफाई आहे, आणि साफसफाईच बहुतेकदा हवी असते. ८-१० वेळा पंच करा, दर वेळी घडीचा नवा भाग वापरा.

बारीक सँडपेपर पंच करण्याचा उपाय शेवटचा ठेवा. तो कड खरवडतो, पण फटही रुंद करतो. आठवड्याला एकदा हा प्रयोग केला तर पातळ कागद कायमचा हातचा जातो.

डबल टेप आधी मागे लावून मग पंच करण्याची सवय असेल तर डिंक पात्यावर साचणारच. इअरबड सॅनिटायझरमध्ये किंवा स्पिरिटमध्ये बुडवून कड पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लास्टिकचं खोकं विरघळतं.

पावसाळा आणि विदर्भातला मे महिना

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. कागद ती शोषतो, धागे मऊ पडतात आणि पात्याखाली तुटण्याऐवजी ताणले जातात. मार्चमध्ये सुरेख कापला जाणारा तोच कार्डशीट राखीच्या वेळी कडा फाडतो तो यामुळे. कागद झिप पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. तातडी असेल तर सुती कापडात ठेवून सगळ्यात कमी तापलेली, वाफेशिवायची इस्त्री पाच-सहा सेकंद फिरवा, गार होऊ द्या आणि लगेच पंच करा. पंचही त्याच पिशवीत राहू द्या. गंजाचा पहिला ठिपका ठोकळ्याच्या कडेवरच येतो आणि पांढऱ्या कागदावर तपकिरी रेघ उमटवतो.

नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. कापणं छान होतं, पण कोरडा कागद पेन्सिलीभोवती वळवला की घडी पडते, तडकतो. हत्तीची सोंड, मांजराची शेपूट वळवायची असेल तर पट्टीची लांबी धाग्यांना आडवी येईल अशी कापा. दिशा ओळखायला कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून बघा: ज्या बाजूने सहज वाकतो तिकडची घडीची रेघ धाग्यांना समांतर असते. पेन्सिल त्या रेघेला समांतर धरून वळवलं की गोलाई एकसारखी येते.

पेंग्विनचं डोकं का उचलतं

इथे सगळ्यात जास्त कार्डं बिघडतात, म्हणून एक पात्र पूर्ण घेऊ. माप असं:

- अंग: ५० मि.मी.चा काळा गोल
- पोट: ३८ मि.मी.चा पांढरा गोल
- डोकं: ३८ मि.मी.चा काळा गोल
- चेहरा: २५ मि.मी.चा पांढरा बदाम, सरळ; वरच्या दोन गोलाईंत एकेक डोळा
- पंख: २५ मि.मी.चा काळा बदाम मधोमध कापून दोन
- पाय: १६ मि.मी.चे दोन नारिंगी बदाम, टोक अंगाखाली, गोलाई बाहेर
- चोच: १६ मि.मी.च्या नारिंगी बदामाचं कापलेलं टोक

डोकं अंगावर १२ मि.मी. चढवलं की पात्राची उंची पायांसह साधारण ८० मि.मी. भरते. ए-फाइव्ह कागदाची घडी घालून होणाऱ्या १०५ × १४८ मि.मी.च्या कार्डावर ती ऐसपैस बसते.

मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत ती मुद्दाम. स्वस्त पंचांवरचा ‘१ इंच’ कधी आकाराची रुंदी असते, कधी उंची, कधी नुसता नंबर. घरातला प्रत्येक पंच एकदा पांढऱ्या कागदावर काढा, आकार एका पानावर चिकटवा, शेजारी पट्टीने मोजलेलं माप लिहा. पात्राचं डोकं अंगापेक्षा मोठं दिसणं, कान निसटते दिसणं या तक्रारी या एका पानाने मिटतात.

आता उचलण्याकडे. दोन वेगळे दोष आहेत, त्यांचे उपायही वेगळे.

पहिला दोष गोंदाचा. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. ते लागलेली बाजू फुगते, वरची कोरडी बाजू तशीच राहते, म्हणून तुकडा वरच्या बाजूला वाकतो आणि कडा उचलल्या जातात. लोक त्यावर आणखी गोंद घालतात, म्हणजे आणखी पाणी. करायचं उलट: टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच गोंद, कडेच्या दीड-दोन मि.मी. आतून एक बारीक रेघ आणि मध्ये एक ठिपका. वर बटर पेपर आणि त्यावर जाड पुस्तक, १०-१५ मिनिटं. १६ मि.मी.पेक्षा लहान तुकड्यांना ग्लू स्टिक पुरते. तिच्यात ओल कमी. पांढरा कागद ८० जीएसएमचा असेल तर पोटातून काळं डोकावतं, पोट राखाडी दिसतं. दोन पांढरे गोल एकावर एक लावा किंवा जाड कागद घ्या.

दुसरा दोष फोम टेपचा, म्हणजे पात्र उठून दिसावं म्हणून खाली लावतात त्या दोन्ही बाजूंना डिंक असलेल्या जाड टेपचा. डोक्याचा खालचा १२ मि.मी. भाग अंगावर आहे, वरचा २६ मि.मी. भाग थेट कार्डावर. अंग २ मि.मी.च्या फोमवर उचललेलं असेल आणि डोकं नुसतं अंगाला चिकटवलं असेल, तर वरचा भाग हवेत लोंबतो. कार्ड पाकिटात घालताना तोच दाबला जातो आणि डोकं मागे कलतं. कुणी डोक्याखाली, अंगाच्या कडेवरच फोमचा एक चौकोन लावतं. तो निम्मा अंगावर, निम्मा बाहेर बसतो आणि डोकं पुढे झुकतं. बरोबर रचना अशी: अंगाखाली २ मि.मी.चा फोम तीन ठिकाणी, डोक्याचा खालचा भाग अंगाला साध्या गोंदाने, डोक्याच्या वरच्या भागाखाली त्याच २ मि.मी.च्या फोमचे दोन तुकडे, डावी-उजवीकडे. अंग फोमशिवाय सपाट चिकटवलं असेल तर डोक्यालाही फोम नको.

फोमचे तुकडे ४ मि.मी.चे चौकोन आणि कडेपासून २ मि.मी. आत. त्याहून बाहेर गेले तर बाजूने पांढरे दिसतात, त्यावर धूळ बसते. कात्रीला डिंक चिकटतो. पात्याला किंचित टाल्कम पावडर लावा.

चिकटवण्याआधी सगळे तुकडे कोरडे मांडून बघायचे. हे कंटाळवाणं वाटतं, पण गोंद लागल्यावर पंख सरकवला की काळ्यावर पांढरा डाग राहतो आणि तो निघत नाही.

चेहरा निर्जीव दिसतो

तक्रार कागदाची नाही, जागेची आहे. डोळे चेहऱ्याच्या वरच्या भागात लावले की पात्र वयस्क, कडक दिसतं. ते उंचीच्या मध्याच्या किंचित खाली आणा, दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढंच अंतर ठेवा. लगेच भाबडेपणा येतो. २५ मि.मी.च्या बदामात डोळे वरच्या गोलाईंत असले तरी गोलाईच्या खालच्या बाजूला टेकवा. ऑफिसच्या साध्या पंचाचं भोक साधारण ६ मि.मी.चं असतं, त्याचा पांढरा गोल डोळा म्हणून वापरा आणि आत काळ्या ०.३ च्या पेनाने ३ मि.मी.ची बाहुली. दोन्ही बाहुल्या खाली-आत वळवल्या तर खट्याळ, एकाच बाजूला तर चोरटी नजर. बाहुली भरल्यावर वर पांढऱ्या जेल पेनाचा एकच ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. बाजू बदलली तर तिरळेपणा येतो. डोळे पात्र कार्डावर चिकटवण्याआधी काढा. फोमवर पेन दाबलं की चेहरा खचतो. डोकं दहा-पंधरा अंश कलतं लावलं तर निम्मा खोडकरपणा तिथंच येतो.

(घुबडही याच आकारांतून गोड होतं. फक्त ते आजी-आजोबांना पाठवायच्या आधी विचार करा. बऱ्याच घरांत घुबड अजूनही अशुभ, मग डोळे कितीही भाबडे असोत.)

पोस्टाने पाठवताना

पात्र कार्डाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठेवू नका. पाकिटावर तिथंच तिकीट लागतं, तिथंच शिक्का आपटतो, आणि फोमवरचं डोकं चपटं होतं. खालच्या डाव्या भागात ते सुरक्षित. टपालाने जाणाऱ्या कार्डांना १ मि.मी.चा फोम, हातात द्यायच्या कार्डांना २ मि.मी.चा. कार्डाच्या आत दुमडलेल्या बाजूला कोऱ्या कागदाचा एक पदर घाला, म्हणजे उन्हाळ्यात फोमचा डिंक मऊ होऊन पाझरला तरी मजकुराला चिकटत नाही.

वजनाकडेही बघा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ३०० जीएसएमचं ए-फाइव्ह पान एकटंच नऊ ग्रॅमच्या वर जातं. त्यात पाकीट, दोन-तीन थरांचं पात्र आणि आतला कागद मिळून काटा विसाला टेकतो. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर पाकिटासकट एकदा मोजा, आणि विसाच्या वर गेलं तर पाया २५० जीएसएमचा करा. ते नको असेल तर पुढच्या टप्प्याचं तिकीट लावा.